पणजीचा इंत्रूज आणि मराठी माणसाची ओढ

‘पळसाला पानें तीनच’ ही म्हण मराठी घरांत लहानपणापासून कानांवर पडते. कोठेंही जा, माणसें आणि त्यांचे व्यवहार सारखेच, असा तिचा आशय. पनवेलजवळच्या पळस्पे गांवापाशीं मात्र या म्हणीविषयीं थोडी शंका येऊं लागते. मुंबईकडून आलेला हमरस्ता येथें दुभंगतो. एक फांटा खंडाळ्याचा घाट चढून पुण्याकडे जातो. दुसरा शिरढोण आणि कर्नाळा यांवरून दक्षिणेस वळतो आणि पेण, महाड, चिपळूण, राजापूर, सावंतवाडी अशीं गांवें मागें टाकीत सुमारें पांचशें किलोमीटरांवर पणजीस पोहोंचतो. पुण्याच्या वाटेनें जाणाऱ्यास ‘कशासाठीं चाललां?’ असें विचारलें तर तो आपलें काम सांगतो. दक्षिणेच्या वाटेनें जाणाऱ्या पुष्कळांस मात्र या प्रश्नाचें नीट उत्तर देतां येत नाहीं.

ज्यांचें कोंकणांत घर आहे ते घरीं जातात. त्यांची गोष्ट वेगळी. परंतु ज्यांचें त्या बाजूस ना घर ना शेत, अशीं मुंबई, पुणें, पनवेल येथील सुशिक्षित कुटुंबें एकदां पणजी पाहून येतात आणि पुढच्या वर्षीं पुन्हां त्याच फांट्यावर गाडी वळवितात. देवदर्शन झालें, समुद्र पाहिला, एवढ्यानें हा ओढा संपत नाहीं. एकाद्या शहरावर माणसाचा जीव जडतो तो कशानें, आणि तो जडल्यावर त्या शहराचें कांहीं देणें लागतें कीं काय, हा प्रश्न पणजीच्या निमित्तानें उलगडून पाहण्याजोगा आहे. परक्या माणसाला शहरांत शिरण्याचीं दारें बहुधा तीन असतात : तेथील खाणें, तेथील गाणें आणि तेथील सण. पणजीचीं हीं तिन्ही दारें उघडीं आहेत. मात्र प्रत्येकाचा उंबरठा जरा उंच आहे.

पणजी मांडवी नदीच्या डाव्या तीरावर वसलेली आहे. १५१० सालीं आफोन्सो द आल्बुकेर्क यानें आदिलशहाकडून गोवें घेतलें, तेव्हां राजधानी नदीच्या वरच्या अंगास, आज जुनें गोवें म्हणतात तेथें, होती. रोगांच्या सांथींनीं तें शहर ओस पडत गेलें आणि १८४३ सालीं राजधानीचा मान पणजीला मिळाला. आदिलशहाचा वाडा, पोर्तुगिजांच्या वेळच्या रंगीत भिंतींचे मोहल्ले, टेकडीवरचें पांढरें चर्च आणि जवळच महालक्ष्मीचें देऊळ, हें सर्व पायीं फिरून एका सकाळीं पाहतां येतें. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवें मुक्त झालें आणि ३० मे १९८७ रोजीं तें भारताचें घटक राज्य बनलें. येवढा इतिहास प्रत्येक प्रवासी वाचून जातो. शहर मात्र त्याला भेटतें तें सकाळच्या न्याहारीला.

पणजीची सकाळ पावानें उजाडते. पाव विकणाऱ्याला तेथें ‘पोदेर’ म्हणतात. पाव भाजणाऱ्याला पोर्तुगीज भाषेंत जो शब्द आहे, त्याचेंच हें कोंकणी रूप. सायकलीच्या मागें मोठी टोपली आणि पुढें रबरी भोंगा असा त्याचा थाट. भोंगा वाजला कीं घरोघरचीं माणसें दाराशीं येतात. पूर्वीचा पोदेर पायीं फिरे आणि हातांतली काठी जमिनीवर आपटून तिचा खुळखुळाट करी. टोपलींत मऊ चौकोनी पाव असतात, कडक कवचाचे गोल ‘उंडे’ असतात, कोंडा लावलेली आंतून पोकळ अशी ‘पोयी’ असते, आणि चहांत बुडवून खावयाचें बांगडीच्या आकाराचें कुरकुरीत ‘कांकण’ असतें. कांकण हा शब्द ऐकून मराठी गृहिणीला हंसूं येतें, कारण तिच्या हातांत तोच शब्द किणकिणत असतो.

हा पाव आंबविण्याची रीत पोर्तुगिजांनीं या किनाऱ्यावर येऊन शोधली. युरोपांतलें खमीर येथें मिळेना, तेव्हां माडाची ताजी सूर पिठांत घालून तें फुगविण्याची युक्ति निघाली. पीठ आणि भट्टी परक्यांची, पण पावाला जीव आणणारी सूर इथल्या माडाची. पुढें हीच सूर आंबवून तिचा शिरका करूं लागले आणि त्या शिरक्यांत मांस मुरवूं लागले. पोर्तुगालमधला दारू आणि लसूण घालून मुरविलेल्या मांसाचा पदार्थ गोव्यांत आला, त्यांतली दारू जाऊन तेथें माडाचा शिरका आला, वर लाल मिरची चढली, आणि त्याचें ‘विंदालू’ झालें. जगांतल्या पुष्कळ खाणावळींत हा पदार्थ ‘हिंदी’ म्हणून मिळतो. त्या नांवांत बटाटा ऐकूं येतो, म्हणून कोणी कोणी त्यांत बटाटेही घालतात. वस्तुतः तो शेवटचा ‘आलू’ पोर्तुगीज लसणीचा आहे!

येथें मराठी घरानें आपल्याच फळीकडे एकदां नजर टाकावी. मिरची, बटाटा, काजू, अननस, पेरू हीं सर्व अमेरिका खंडांतून निघून बहुतांशीं पोर्तुगीज जहाजांतून या किनाऱ्यावर उतरलीं. पाव, बटाटा, काजू, अननस हे शब्दही त्याच जहाजांतून आले. परात, घमेलें, चावी आणि महिन्याच्या एक तारखेची सर्वांत गोड वस्तु जो पगार, हे शब्दही त्यांचेच. हापूस आंब्याच्या नांवांत तर आफोन्सो दडून बसला आहे. रायगड जिल्ह्यांतील लोकांना यासाठीं गोव्यापर्यंत जाण्याचेंही कारण नाहीं. चौल-रेवदंडा १७४० सालापर्यंत पोर्तुगिजांकडे होतें, आणि समोरच्या कोर्लई गांवांत आजही कांहीं ख्रिस्ती कुटुंबें घरांत पोर्तुगिजांतून उपजलेली एक मिश्र बोली बोलतात. पणजीचें खाणें पहिल्या घांसालाच ओळखीचें वाटतें याचें कारण हें असें आहे. परकेपणाचा जो भाग तेथें उघडा दिसतो, तोच आपल्या स्वयंपाकघरांत चारशें वर्षें मुरून बसला आहे.

दुसऱ्या बाजूनें, पणजींतील हिंदु घरांतलें जेवण कोंकणच्या माणसाला आपलेंच वाटतें, पण तेंही हुबेहूब आपलें नसतें. भात आणि माशाचें हुमण, त्यांत ओलें खोबरें, आमसूल आणि तिरफळ; देवळांतल्या जेवणांत अनेक भाज्यांचें खतखतें; श्रावणांत निवळ शाकाहार. शेजारच्या ख्रिस्ती घरांत सणाला ‘बेबिंक’ होतें. नारळाचें दूध, अंड्यांतला पिवळा बलक, साखर, पीठ आणि तूप यांचा हा थरांचा पदार्थ. एक थर ओतावयाचा, वरून निखाऱ्यांची आंच देऊन तो भाजावयाचा, मग त्यावर दुसरा. सात थर तरी हवेतच, अशी रीत आहे. हौशी गृहिणी सोळांपर्यंत जातात. घाई करणाऱ्याचें हें काम नव्हे. २०२३ सालीं या पदार्थाला भौगोलिक मानांकन मिळालें, त्या आधीं कितीएक पिढ्यांच्या बायकांनीं चुलीपुढें बसून तो राखला होता.

खाण्याच्या दारानें आंत गेलेल्या माणसाच्या कानांवर मग एक घुमारा येतो. तो घुमटाचा. घुमट म्हणजे दोन्ही तोंडें उघडीं असलेलें मातीचें मडकें. मोठ्या तोंडावर कातडें ताणून बसवितात. लहान तोंड डाव्या हाताच्या तळव्यानें कमीअधिक झांकून नाद बदलतात. गणेशचतुर्थीला हिंदु घरांतल्या आरत्या घुमटावर होतात, शिमग्याचे खेळ घुमटावर होतात आणि ख्रिस्ती लग्नांतला ‘मांडो’ही घुमटावरच होतो. मातीचें एकच मडकें दोन्ही धर्मांच्या अंगणांत घुमतें, असें दुसरें उदाहरण सहज आठवत नाहीं. पूर्वी त्याला घोरपडीचें कातडें लावीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्यास बंदी झाली आणि कारागिरांनीं बकरीच्या कातड्यावर नाद जमविला. २०१९ सालीं गोवा सरकारनें घुमटाला राज्याच्या वारशाचें वाद्य म्हणून मान दिला.

मांडो हें एकोणिसाव्या शतकांत सासष्टी भागांतील ख्रिस्ती वाड्यांमधून बहरास आलेलें गाणें. शब्द कोंकणी, बहुधा विरहाचे किंवा प्रेमाचे, चाल संथ, साथीला घुमट आणि व्हायोलिन. स्त्रीपुरुष समोरासमोर उभे राहून, हातांत पंखा नि रुमाल घेऊन, पुढें-मागें पावलें टाकतात. मांडो संपतां संपतां ठेका चढतो आणि ‘दुलपद’ सुरू होतें. मग उसासे बाजूला राहतात आणि गांवांतल्या गमती येतात. चर्चच्या गांवशाळांतून मुलांना स्वरलिपि आणि व्हायोलिन शिकविण्याची जुनी प्रथा होती, तिचें हें फळ. त्या शाळांतून तयार झालेले वादक पुढें पोटासाठीं मुंबईस आले, धोबीतलाव-गिरगांवाकडच्या गोंयकारांच्या ‘कुडां’मध्यें दाटीवाटीनें राहिले आणि बोलपटांच्या वाद्यवृंदांत बसले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकींच. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९७७ च्या एका बोलपटांतलें अँथनी गोन्साल्विस हें नांव सगळ्या देशाच्या तोंडीं झालें, पण तें एका खऱ्या व्हायोलिनवादकाचें नांव आहे हें फार थोड्यांस ठाऊक होतें. कोंकणी ‘तियात्र’ या नाट्यप्रकाराचा पहिला प्रयोगही मुंबईंतच, १७ एप्रिल १८९२ रोजीं, न्यू आल्फ्रेड थिएटरांत झाला. मुंबईकर मराठी माणूस गोव्याचें संगीत ऐकावयास पळस्प्यावरून पांचशें किलोमीटर जातो. त्याआधीं तें संगीत शंभर वर्षें त्याच्या शेजारीं येऊन राहिलें होतें.

आणि उलट बाजूही आहे. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगुबाई, मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर आणि पंडित जितेंद्र अभिषेकी हीं सर्व गोव्याचीं लेकरें. मराठी रंगभूमि आणि ख्याल यांचा अर्धा संसार त्यांनीं उभा केला. १९७७ सालीं ‘व्हॉयेजर’ यानाबरोबर पृथ्वीचें जें संगीत अंतराळांत धाडलें, त्यांत केसरबाईंची भैरवी आहे. तेव्हां ‘गोव्याचें संगीत’ म्हटलें कीं केवळ गिटार आठवणारा मनुष्य अर्धेंच गोवें ऐकतो. आणि केवळ अभंग आठवणाराही अर्धेंच.

हें सारें मिश्रण गोडीगुलाबीनें झालें, असें मात्र कोणी समजूं नये. १५६० ते १८१२ या काळांत गोव्यांत इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायपीठ होतें. त्यानें १७३६ सालीं एक जाहीरनामा काढून नवख्रिस्ती घरांतल्या जुन्या चालीरीतींवर बंदी घातली. लग्नांत ओव्या गाऊं नयेत, हिंदूंप्रमाणें मीठ न घालतां भात शिजवूं नये, पुरुषांनीं धोतर नि बायकांनीं चोळी वापरूं नये, अंगणांत तुळस ठेवूं नये. म्हणजे राज्यसत्तेचा हात थेट चुलीपर्यंत आणि गळ्यापर्यंत पोहोंचला होता. तरीही घडलें काय? गोव्यांतील ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आधीं वधूवरांना नारळाचा ‘रोस’ लावतात, जशी आपल्याकडे हळद लावतात. आणि त्या वेळीं बायका ओव्या म्हणतात. जाहीरनामा काढणारें पीठ गेलें, ओवी राहिली. पणजीच्या गाण्यांत जो एक हलका कढ ऐकूं येतो, तो कोठून आला याचा थोडासा उलगडा येथें होतो. तें गाणें चैनीचें आहे, असें वरवर वाटतें. पण तें जपून ठेवण्यासाठीं कुणाला तरी भ्यावें लागलें होतें.

आतां तिसरें दार, इंत्रूज. ज्याला बाहेरचें जग कार्निवाल म्हणतें, त्यालाच गोंयकार ‘इंत्रूज’ म्हणतो. प्रवेश या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून पोर्तुगिजांत ‘एन्त्रूदु’ झाला आणि त्याचा कोंकणींत इंत्रूज. हा प्रवेश कशांत? तर ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकालांत. राखेच्या बुधवारीं कपाळाला राख लावून तो काळ सुरू होतो. त्याच्या आधीं मांस, मद्य आणि मौज यांची हौस फेडून घ्यावयाची, ही कल्पना. महाराष्ट्रांतल्या माणसाला ही समजावून सांगावी लागत नाहीं. श्रावण लागण्यापूर्वीं आषाढी अमावास्येला, दिव्यांच्या अंवसेला, तो काय करतो हें त्याचें त्याला ठाऊक आहे!

या दोन पंचांगांचा मेळही पाहण्यासारखा आहे. ईस्टर हा वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेच्या मागून येणारा रविवार. त्यापासून मागें मोजीत गेलें कीं इंत्रूज पुष्कळ वर्षीं माघी अमावास्येच्या आसपास पडतो आणि शिमगा त्यानंतर पंधरा दिवसांनीं फाल्गुनी पौर्णिमेला येतो. अधिक मासामुळें कांहीं वर्षीं हें अंतर वाढतें. २०२३ सालीं १८ फेब्रुवारीला महाशिवरात्र होती आणि त्याच दिवशीं पणजींत इंत्रूज सुरू झाला. म्हणजे एका घरांत उपवास आणि शेजारच्या घरांत उपवासापूर्वीची मेजवानी, असा योग आला. चंद्र एकच, त्याचा हिशेब ठेवणाऱ्या वह्या दोन.

जुना इंत्रूज हा शेजाऱ्यापाजाऱ्यांचा खेळ होता. लोक एकमेकांवर रंगीत पाणी उडवीत, पिठानें भरलेल्या कागदी पुड्या फेंकीत, सोंगें घेऊन ओळखीच्यांच्या घरांत अवचित शिरत आणि नाचून, खाऊन बाहेर पडत. सासष्टींतल्या खेड्यांत ‘खेळ’ होई. गांवचेच लोक अंगणांत, घराच्या पायऱ्यांपुढें, कोंकणींत लहान लहान नाटकें करीत एका वाड्याकडून दुसऱ्याकडे जात. त्यांत भाटकाराची म्हणजे जमीनदाराची, कंजूष सावकाराची, नव्या फॅशनच्या सुनेची थट्टा असे. वर्षभर ज्याच्यापुढें मान खालीं घालावयाची, त्याच्याच अंगणांत उभें राहून त्याला हंसण्याची ही तीन दिवसांची मुभा. हंसून झालें कीं तोच भाटकार त्यांना बक्षिसी देई. चांदर गांवांत, जें एके काळीं चंद्रपूर नांवाची राजधानी होतें, इंत्रुजाच्या दिवसांत ‘मुसळ खेळ’ होतो. ख्रिस्ती पुरुष हातांत लांब मुसळें घेऊन, ती जमिनीवर आपटीत, घुमटाच्या ठेक्यावर नाचतात. त्या गाण्यांत पोर्तुगिजांच्या आधींच्या राजांची आठवण असते. सण रोमचा, वाद्य मातीचें आणि स्मृति हिंदु राजवटीची!

आजचा पणजीचा इंत्रूज याहून निराळा आहे. १९६५ सालीं तिमोतेओ फर्नांडिस नांवाच्या संगीतकारानें ब्राझीलच्या रिओ शहराचा नमुना डोळ्यांपुढें ठेवून पणजींत चित्ररथांची मिरवणूक सुरू केली. तिच्या अग्रभागीं ‘मोमो राजा’ असतो. हा ग्रीक पुराणांतला उपहासाचा देव. खा, प्या आणि मजा करा, अशी आज्ञा तो शहराला देतो आणि मंगळवारच्या रात्रीपर्यंत नांवापुरतें त्याचें राज्य चालतें. शनिवारीं पणजी, मग मडगांव, वास्को आणि म्हापसा अशी मिरवणूक फिरते. मंगळवारीं रात्रीं पणजीच्या क्लब नासिओनालचा तांबड्या-काळ्या पोशाखांचा नाच होतो आणि राजा पायउतार होतो. सरकारी साहाय्यानें चालणाऱ्या या मिरवणुकींत जाहिराती फार, असें जुने गोंयकार म्हणतात. गोव्याच्या धर्ममंडळानेंही या मिरवणुकीला ख्रिस्ती सणाचें नांव देऊं नये, अशी नापसंती दाखविली आहे. पाहुणा मिरवणूक पाहतो आणि ‘इंत्रूज पाहिला’ म्हणून परततो. गांवच्या अंगणांतला खेळ त्याच्या दृष्टीस पडत नाहीं, कारण तो कुणाला दाखविण्यासाठीं नसतोच. पंधरवड्यानें त्याच पणजीच्या रस्त्यांवरून शिमग्याची मिरवणूक निघते. ढोल, ताशे, रोमटामेळ, घोडेमोडणी आणि पुराणांतले चित्ररथ. इंत्रूज ख्रिस्त्यांचा आणि शिमगा हिंदूंचा, ही वांटणी कागदावर खरी. पदपथावर टाळ्या वाजविणारी गर्दी मात्र बरीचशी तीच असते.

येथवर आल्यावर एक अडचणीचा प्रश्न पुढें येतो, आणि तो टाळून मराठी माणसाच्या पणजीवरील प्रेमाचा हिशेब पुरा होत नाहीं. मोमो राजाची पहिली मिरवणूक निघाली, तेव्हां गोवें महाराष्ट्रांत विलीन व्हावें कीं नाहीं हा वाद पेटलेला होता. मराठी मुलखांत पुष्कळांना वाटे, कीं जेथें मराठी नाटकें होतात, मराठी वृत्तपत्रें निघतात, घराघरांत मराठी ग्रंथ वाचले जातात, तो प्रदेश आपलाच. गोव्यांतही असें मानणारे थोडे नव्हते. मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचा पक्षच विलीनीकरणाच्या बाजूचा होता. १६ जानेवारी १९६७ रोजीं लोकांचा कौल घेण्यांत आला. विलीनीकरणाला फूल आणि वेगळें राहण्याला दोन पानें, अशीं चिन्हें होतीं. फुलाला १,३८,१७० मतें पडलीं, दोन पानांना १,७२,१९१. अंतर ३४,०२१ मतांचें. वेगळें राहण्याच्या बाजूनें डॉ. जॅक सिक्वेरा यांच्यासारखे पुढारी होते, उल्हास बुयांव यांचें कोंकणी गाणें होतें; आणि त्या बाजूची मोठी वैचारिक लढाई लढलें तें ‘राष्ट्रमत’ हें मडगांवचें दैनिक, जें मराठींत निघत असे. ज्या भाषेच्या आधारें गोवें मागितलें गेलें, त्याच भाषेंत त्याला नम्र नकार मिळाला.

हा नकार पुष्कळ मराठी मनांना त्या वेळीं लागला. पण खाणें, गाणें आणि सण या तीन दारांनीं जो आंत गेला आहे, त्याला त्याचा अर्थ कळण्यास अडचण पडूं नये. पावांतली सूर वेगळी काढतां येत नाहीं, तसें त्या प्रदेशाचें मराठीपण त्याच्या कोंकणीपणांतून, ख्रिस्तीपणांतून सुटें काढून उचलून नेतां येत नव्हतें. नातें होतें, हें दोन्ही बाजूंच्या मतदारांना मान्य होतें. नातें म्हणजे सातबाऱ्यावरील नांव नव्हे, एवढेंच तो कौल सांगून गेला. पुढें १९८७ सालीं कोंकणी गोव्याची राजभाषा झाली आणि सरकारी कामांत मराठीलाही जागा ठेवण्यांत आली. त्यानंतर मराठी कीर्तनें थांबलीं नाहींत, नाटकें थांबलीं नाहींत, आणि पळस्प्याच्या फांट्यावरून दक्षिणेस वळणाऱ्या गाड्याही कमी झाल्या नाहींत. मागणी संपल्यावरही जो येत राहतो, त्याचेंच येणें प्रेमाचें.

मात्र जमिनीची मालकी सोडली तरी नजरेची मालकी सुटत नाहीं. फोंताइन्हास हा पणजीचा जुना मोहल्ला. रंगीत भिंती, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, अरुंद गल्ल्या. त्या घरांतून माणसें राहतात, आजारी पडतात, मुलांचा अभ्यास घेतात. त्यांच्या दारांशीं दिवसभर उभें राहून छायाचित्रें काढणारांचा इतका ताप झाला, कीं रहिवाश्यांनीं छायाचित्रें काढूं नयेत अशा पाट्या लावल्या. पाटी लावणारे लोक अतिथ्यशील नाहींत असें नव्हे. पाहुणा जेव्हां घर विसरून केवळ भिंत पाहतो, तेव्हां घरांतल्या माणसाला आपण आहों हें लिहून सांगावें लागतें. रेंदेरांची, म्हणजे सूर काढणारांची संख्या घटली आहे, कारण माडावर दिवसांतून तीनदां चढण्याचें काम त्यांच्या मुलांना नको आहे; म्हणून पाव आतां बहुधा बाजारच्या खमिराने फुगतो. हीं दुःखें मिरवणुकींत दिसत नाहींत. शहरावर जीव असणाऱ्यानें तीं विचारून घ्यावीं.

तें करणें अवघड नाहीं. सकाळीं भोंगा वाजला कीं उपाहारगृहांतल्या मेजावर न बसतां पोदेराकडून उंडा विकत घ्यावा आणि तो कोणत्या भट्टींतला हें विचारावें. इंत्रुजाच्या शनिवारीं मिरवणूक खुशाल पाहावी, पण सोमवारीं कोणी ओळखीचा नेईल तर सासष्टींतल्या एकाद्या अंगणाच्या कडेला, मागच्या रांगेंत, शब्द न कळले तरी बसावें. फोंताइन्हासमध्यें पाटी दिसली तर हातांतलें यंत्र खिशांत ठेवावें. बुधवारीं सकाळीं ज्यांच्या कपाळावर राख असेल त्यांना, काल रात्रीच्या नाचाविषयीं न बोलतां, साधा नमस्कार करावा.

मग गाडी परत उत्तरेकडे लागते. सावंतवाडी, राजापूर, चिपळूण, महाड. उन्हें तापूं लागलेलीं असतात आणि रानांत ठिकठिकाणीं पळस फुललेला असतो. कर्नाळ्याचा सुळका मागें पडतो आणि पळस्प्याला मुंबई-पुण्याचा रस्ता पुन्हां येऊन मिळतो. म्हण कांहीं खोटी ठरत नाहीं. पळसाला पानें तीनच असतात, पनवेलला काय आणि पणजीला काय. पण तो फुलतो तेव्हां अंगावरचीं पानें बहुतेक गळून गेलेलीं असतात, आणि तें फुलणें पाहावयाचें तर माघ-फाल्गुनांत त्याच्या दारीं जावें लागतें.